प्रश्न बघून टॅरो स्प्रेड कसा बनवायचा, माझी पद्धत सविस्तर

तुम्ही लिहिलंय की टॅरोचा राइडर वेट डेक (७८ कार्ड्सचा संच) आहे, अर्थ बऱ्यापैकी पाठ आहेत, कुठल्याही प्रश्नाला सेल्टिक क्रॉस हा स्प्रेड (म्हणजे कार्ड्सची ठरलेली मांडणी) लावता आणि दहा कार्ड्स मांडून झाली की उत्तर नेमकं कुठल्या कार्डात आहे तेच कळत नाही. आणि पुढच्या आठवड्यात तुमची मैत्रीण येणारे, शाळेतली नोकरी सोडून डब्यांचा व्यवसाय सुरू करावा का हे विचारायला, तर तिला कुठला स्प्रेड लावू. मैत्रिणीचं शेवटी सांगते. आधी स्प्रेड बनतो कसा ते बघू, ते एकदा हातात बसलं की दर वेळी कुणाला विचारायला लागत नाही.

सेल्टिक क्रॉस वाईट आहे असं अजिबात नाही. १९०९ साली लंडनमध्ये ए. ई. वेट आणि पामेला कोलमन स्मिथ यांचा हाच डेक आला, त्याच्या पाठोपाठ वेटने डेकवर पुस्तक लिहिलं आणि त्यात हा स्प्रेड दिला, तिथून तो जगभर गेला. वेटने तो ठराविक प्रश्नाचं उत्तर काढायला म्हणूनच दिलाय. पण त्यातल्या जागा नीट बघा ना. प्रश्नाभोवतीचं वातावरण, त्याला आडवं येणारं, वर जास्तीत जास्त काय साधेल ते, खाली पाया, एका बाजूला मागे पडत चाललेलं, दुसऱ्या बाजूला पुढे येणारं, मग तो माणूस स्वतः, त्याच्या घरचे आणि आजूबाजूचे, त्याची आशा किंवा भीती, आणि शेवटी काय होईल. म्हणजे एका माणसाची एका परिस्थितीतली अख्खी गोष्ट. "माझं सध्या काय चाललंय तेच कळत नाहीये" म्हणत कुणी आलं तर मी आजही हाच लावते. पण कुणी "हे घेऊ की ते घेऊ" विचारलं तर या दहा जागांत दुसऱ्या ऑप्शनला जागाच नाही, मग आपण कुठल्यातरी कार्डाला ओढूनताणून दुसरा ऑप्शन बनवतो आणि तिथेच रीडिंग विस्कटतं. तुमच्या अर्थांमध्ये काही कमी आहे असं मला वाटत नाही, तुम्ही कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मागताय एवढंच.

माझ्या लेखी स्प्रेड म्हणजे छोट्या प्रश्नांचा संच. एक जागा, एक प्रश्न, आणि तो पूर्ण वाक्यात लिहायचा. "भूतकाळ" असं नुसतं लिहिलंत तर कार्ड आल्यावर तुम्ही काहीही बोलू शकता, "हे भांडण सुरू कशातून झालं" असं लिहिलंत तर कार्डाला तेवढंच बोलायला लागतं. आकार, म्हणजे क्रॉस, घोड्याची नाल, पिरॅमिड वगैरे, हे सगळं नंतर. खूप जण आधी इन्स्टाग्रामवर सुंदर आकार बघतात आणि मग त्यात प्रश्न बसवतात, मला ते पटत नाही.

आता करायचं कसं. समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दात वहीत लिहून घ्या, सुधारून लिहू नका. उदाहरण घेऊ, असं वाक्य माझ्याकडे सारखं येतं: "पुण्यातला जॉब सोडून बेंगळुरूची ऑफर घेऊ का, पगार चांगला आहे पण आई इथे एकटी पडेल." हे वाक्य ऐकून बरेच जण "करिअर" म्हणून टाकतात आणि करिअर स्प्रेड काढतात. पण वाक्यात काय काय आहे बघा. दोन ऑप्शन आहेत. एक दुसरी व्यक्ती आहे. एक फायदा बोलून दाखवलाय, एक किंमत बोलून दाखवलीये, आणि पुण्यात राहण्याचा फायदा किंवा किंमत याबद्दल एक अक्षर नाही. या शेवटच्या गोष्टीवर माझं जास्त लक्ष असतं. मग स्प्रेड असा होतो: डावीकडे पुण्याची उभी ओळ, उजवीकडे बेंगळुरूची. दोन्हीकडे वरचं कार्ड "इथे मला काय मिळतं" आणि खालचं "इथे मला काय सोडावं लागतं". झाली चार. पाचवं आईसाठी, ते दोन ओळींच्या मध्ये, कारण आईचा प्रश्न कुठल्याही शहरात गेलं तरी सोबत येणारच आहे. सहावं सगळ्यांच्या वर: "या निर्णयात मी काय धरलेलंच नाही."

यात दोन गोष्टी मी कधी सोडत नाही. एक म्हणजे दोन्ही ऑप्शनच्या जागांचे शब्द अगदी सेम पाहिजेत. एकीकडे "संधी" आणि दुसरीकडे "धोका" लिहिलंत तर कार्ड उघडायच्या आधीच तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात. दुसरं, आईच्या जागेचा प्रश्न "आईला काय वाटतं" असा ठेवायचा नाही. आई समोर बसलेली नाही, तिने काही विचारलेलं नाही, आणि आईला काय वाटतं हे आईलाच फोन करून विचारता येतं. तिथे मी लिहिते "आईच्या बाबतीत आत्ता माझ्याकडून काय लागतंय". या प्रश्नाच्या उत्तरावर समोरची व्यक्ती घरी जाऊन काहीतरी करू शकते.

मांडणीचं काम इथे सुरू होतं. दोन उभ्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की डोळा आपोआप आडवा फिरतो, मिळतं विरुद्ध मिळतं, सोडावं लागतं विरुद्ध सोडावं लागतं. तेच सहा कार्ड्स एका सरळ रांगेत लावलीत तर ही तुलना डोक्यात करत बसावी लागते. म्हणून मी आधी ठरवते की कुठली दोन कार्ड्स एकमेकांशी बोलली पाहिजेत, आणि ती शेजारी किंवा समोरासमोर येतील असं बघते, आकार त्यातूनच तयार होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नवीन स्प्रेड क्लायंटसमोर न्यायच्या आधी त्याची परीक्षा घ्यायची. डेकमधून मुद्दाम काही कार्ड्स निवडा, टॉवर, टेन ऑफ स्वॉर्ड्स, सन, फोर ऑफ पेंटॅकल्स, क्वीन ऑफ स्वॉर्ड्स, एखादा एस (एक्का). यातलं प्रत्येक कार्ड प्रत्येक जागेवर ठेवून बघा की एक सरळ, कामाचं वाक्य बनतंय का. ७८ पैकी कुठलंही कार्ड कुठल्याही जागी येऊ शकतं, त्यामुळे जागा अशी पाहिजे की कुठलंही आलं तरी तिला बोलता आलं पाहिजे. "तुझी ताकद" या जागी टॉवर आलं तर? जमतं, पोकळ झालेलं पाडून टाकायची तयारी ही ताकदच आहे. "या माणसात चांगलं काय" या जागी टेन ऑफ स्वॉर्ड्स आलं तर तुम्ही अडखळाल आणि मग गोड करून काहीतरी सांगाल. तिथे शब्द बदला, "या माणसासोबत राहून मला काय शिकायला मिळतंय" करा, लगेच वाक्य बनतं.

याच परीक्षेत नापास होणारी नेहमीची जागा म्हणजे "मला मदत कोण करेल". खऱ्या माणसांसाठी धरतात ती कोर्ट कार्ड्स, पेज नाइट क्वीन किंग, ही १६च आहेत, म्हणजे साधारण पाचातून एकदा तिथे माणूस येणार आणि बाकी चार वेळा सिक्स ऑफ वाँड्सला तुम्ही कुणाचा तरी काका बनवत बसणार. यावर दोन उपाय. एक, प्रश्न बदला, "मदत कुठल्या रूपात येईल". दोन, डेक वेगळा करा, १६ कोर्ट कार्ड्स बाजूला काढून त्यातूनच त्या जागेचं कार्ड ओढा. डेकचे असे भाग करायला काही जण घाबरतात, पण मला ती पद्धत फार आवडते. "यात मोठा धडा काय" ही जागा असेल तर फक्त २२ मेजर्समधून (टॉवर, सन अशी स्वतंत्र नावाची मोठी कार्ड्स) काढा, "या आठवड्यात काय करू" असेल तर फक्त मायनर्समधून (कप्स, वाँड्स, स्वॉर्ड्स, पेंटॅकल्स या चार गटांची बाकीची ५६), उत्तर लगेच जमिनीवर येतं.

आकडे निघालेच आहेत तर हेही सांगते, कारण स्प्रेड किती मोठा आहे यावर "खूप मेजर्स आलेत" या वाक्याला अर्थ आहे की नाही ते ठरतं. २२ मेजर्स म्हणजे डेकचा २८ टक्के भाग. दहा कार्डांत सरासरी तीनच्या जरा आत मेजर्स येणारच, त्यामुळे तीन आले म्हणून नियतीचा प्रश्न वगैरे सांगू नका, सहा आले तर थांबा आणि बोला. दहात एकही नाही आला तर तेही बोलण्यासारखं आहे, तसं शंभरात तीनेक वेळाच होतं. पण तीन कार्डांच्या स्प्रेडमध्ये एकही मेजर न येणं हे तीनातून एकदा तरी होतंच, त्यावरून "हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाही" असं कुणाला सांगू नका, समोरच्याला किती लागतं ते.

कार्ड्स किती घ्यायची याला माझा साधा नियम आहे, वाक्यात जितक्या गोष्टी आहेत तितकी आणि वर एक. ते वरचं एक न विचारलेल्या गोष्टीसाठी. सातच्या वर गेलं की मी परत वाक्याकडे जाते, बहुतेक वेळा तिथे दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेले असतात आणि दोन छोटे स्प्रेड लावलेले बरे पडतात. कार्ड उघडल्यावर समजलं नाही म्हणून अजून एक, अजून एक असं ओढत राहायची सवय असेल तर ती सोडा. हवं तर स्प्रेडमध्येच एक राखीव जागा ठेवा, ती आधीपासून ठरलेली, "सगळ्यात अस्पष्ट कार्डाला अजून एक वाक्य". उलटी कार्ड्स वाचायची की नाही हेही शफलच्या आधी ठरवायचं, उघडल्यावर सोयीने नाही.

नात्याच्या प्रश्नांबद्दल जरा जास्त लिहिते कारण तेच सगळ्यात जास्त येतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. "तो परत येईल का" हा प्रश्न जसाच्या तसा स्प्रेडमध्ये ठेवला तर सगळं रीडिंग त्या मुलाच्या डोक्यात काय आहे यावर जातं आणि समोर बसलेली मुलगी बाजूला राहते. मी पाच कार्ड्स घेते. मध्ये नातं स्वतः, आज आहे तसं. डावीकडे "माझ्याकडून या नात्यात काय जातंय", उजवीकडे "त्याच्याकडून या नात्यात काय येतंय". काय येतंय हे वागण्यातून दिसतं, मुलगी ते लगेच ताडून बघू शकते, त्याच्या मनात काय आहे हे ताडता येत नाही. मधल्या कार्डाच्या खाली "मी काय बघायचं टाळतेय" आणि वर "तो आला किंवा नाही आला, माझं पुढचं पाऊल काय". शेवटचं वाक्य मुद्दाम असंच लिहायचं, दोन्ही शक्यता त्यात असल्यामुळे ती आशेवर लटकून राहत नाही.

आणि इथे पामेलाबाईंच्या चित्रांचा खरा फायदा घ्या. त्यांनी मायनर्समधल्या आकड्यांच्या कार्डांवरसुद्धा बहुतेक ठिकाणी पूर्ण प्रसंग काढलेत, माणसं कुठेतरी बघतायत, कुठेतरी चाललीयेत. आडव्या मांडणीत ते वाचता येतं. नाइट ऑफ कप्सचा घोडा उजवीकडे चाललाय, नाइट ऑफ स्वॉर्ड्स डावीकडे सुसाट सुटलाय, क्वीन ऑफ स्वॉर्ड्स उजवीकडे बघत बसलीये. "माझ्याकडून" च्या डाव्या जागेवर नाइट ऑफ कप्स आला तर तो नात्याकडे तोंड करून पेला घेऊन निघालाय. तोच उजव्या जागेवर आला तर त्याची पाठ नात्याकडे आहे, पेला भलतीकडेच चाललाय. हे फक्त तेव्हाच दिसतं जेव्हा दोन माणसांच्या जागा तुम्ही डावी उजवी ठेवता, एकाखाली एक ठेवल्या तर गेलं. मार्सेय हा जुना फ्रेंच डेक वापरणाऱ्यांना कोर्ट कार्ड्स सोडून बाकी मायनर्समध्ये हे मिळत नाही, तिथे नुसते पेले आणि तलवारी मोजायच्या असतात, त्यामुळे तिथे कमी जागांची सरळ रांग बरी.

हो की नाही या प्रश्नांवर माझं मत पक्कं आहे. कोकणात गोव्यात देवाला कौल लावतात, उजवा कौल म्हणजे हो, डावा म्हणजे नाही, ती पद्धतच मुळात दोन उत्तरांची आहे. टॅरोचा डेक ७८ उत्तरांचा आहे, त्याला दोन उत्तरांत कोंबलं की तुम्ही सेव्हन ऑफ कप्सला हो म्हणायचं की नाही यावर डोकं फोडत बसता. म्हणून "जॉब मिळेल का" आला की मी तीन कार्ड्स लावते, माझ्या बाजूने काय आहे, आड काय येतंय, आणि या दोघांच्या मध्ये मी काय करू शकते. बऱ्याच वेळा पहिल्या दोन कार्डांच्या वजनावरून हो नाही समोरच्यालाच कळतं.

"कधी" हा प्रश्न अवघड आहे. कप्स म्हणजे दिवस, वाँड्स म्हणजे आठवडे अशी कोष्टकं फिरतात, प्रत्येक ठिकाणी वेगळं कोष्टक, मी ती वापरत नाही. वापरायचीच असेल तर गोल्डन डॉन या जुन्या इंग्रज गूढविद्या मंडळाची पद्धत निदान एकसंध आहे. २ ते १० या ३६ मायनर्सना राशीचक्राचे ३६ भाग दिलेत, एकेक भाग दहा अंशांचा, म्हणजे साधारण दहा दिवसांचा. टू ऑफ वाँड्स म्हणजे मेषेचे पहिले दहा अंश, मार्चची २१ ते ३० च्या आसपास, थ्री आणि फोर ऑफ वाँड्स म्हणजे मेषेचे पुढचे दोन भाग. पण आपल्याकडच्यांनी एक लक्षात ठेवायचं, ही राशी सायन आहे, म्हणजे ऋतूंवरून मोजलेली, आपल्या पंचांगासारखी ताऱ्यांवरून (निरयन) नाही. आपल्या पंचांगात सूर्य मकरेत १४-१५ जानेवारीला जातो, यांच्याकडे २१-२२ डिसेंबरलाच जातो, त्यामुळे पंचांग उघडून टू ऑफ पेंटॅकल्सची तारीख काढलीत तर ती तीन आठवडे पुढे जाईल. अशा स्प्रेडमध्ये काळाच्या जागेसाठी ती ३६ कार्ड्स वेगळी काढून शफल करा, नाहीतर तिथे हाय प्रीस्टेस येऊन बसते. आणि काळाच्या जागेशेजारी एक जागा नक्की ठेवा, "त्याआधी काय व्हायला लागेल". लग्न कधी विचारणाऱ्यांना मी ही दुसरी जागा आधी वाचून दाखवते.

वर्षभराचं बघायचं असेल, पाडव्याला किंवा वाढदिवसाला, तर बारा महिन्यांची बारा कार्ड्स लावण्यापेक्षा बारा स्थानांची लावा. तनु, धन, पराक्रम, सुख असं करत व्ययापर्यंत. मराठी माणसाला दशम म्हणजे काम आणि सप्तम म्हणजे जोडीदार हे सांगावं लागत नाही, आणि समोरासमोरची स्थानं जोडीने वाचता येतात, पहिलं सातवं, चौथं दहावं. पाश्चात्त्य पद्धतीत गोल मांडतात, तुम्हाला आपली चौकोनी कुंडली जास्त ओळखीची असेल तर तशी मांडा, क्रम दोन्हीकडे घड्याळाच्या उलटाच आहे.

"माझ्यासोबत नेहमी असंच का होतं" या प्रश्नाला उभी रांग, खालून वर. खाली सवय कुठून लागली, त्यावर ती आज काय रूप घेते, त्यावर तिच्यातून मला काय मिळतं (हे कार्ड लोकांना हलवतं), सगळ्यात वर पुढच्या वेळी पहिली वेगळी गोष्ट कुठली. खालून वर लावायचं आणि खालून वरच वाचायचं.

आजारपण, ऑपरेशन, गर्भात मुलगा की मुलगी, कोर्टाचा निकाल, यासाठी स्प्रेड बनवू नका. आजारी माणसाने डॉक्टरकडेच जायचं. आजारपणात घरच्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं एवढ्यासाठी मी बसते, निदानासाठी कधीच नाही.

आता तुमची मैत्रीण. ती आली की आधी विचारा की नोकरी सोडणं आणि डबे सुरू करणं या तिच्यासाठी दोन गोष्टी आहेत की एकच. कारण शाळा सांभाळून संध्याकाळचे पाच डबे देणं हा तिसरा रस्ता असू शकतो आणि तो तिच्या वाक्यात नाहीये. तिने तिसरा रस्ता मान्य केला तर तीन उभ्या ओळी, नाहीतर दोन. प्रत्येक ओळीत "यात माझ्या हातात काय येतं" आणि "हे चालू ठेवायला रोज काय द्यावं लागतं". "रोज" हा शब्द ठेवाच, स्वयंपाकाचा धंदा रोजचा आहे, पहाटे उठणं, बाजार, गॅस, पोचवणं, आणि त्या शब्दामुळे कार्ड स्वप्नाबद्दल न बोलता दिवसाबद्दल बोलतं. खाली आडवं एक कार्ड, "पैशाच्या बाबतीत मला काय स्पष्ट करून घ्यायचंय", हे मी तिच्या जागी पेंटॅकल्सच्या १४ कार्डांतूनच ओढलं असतं. परिणाम काय होईल ही जागा ठेवू नका. ती विचारेलच "पण चालेल का गं", तेव्हा "रोज काय द्यावं लागतं" च्या रांगेवर बोट ठेवा आणि तिला स्वतःला वाचू द्या, कुठल्या ओळीतलं देणं तिला जड वाटत नाहीये. जागांची वाक्यं ती यायच्या आधीच वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून, आणि सहा महिन्यांनी तिला फोन करून विचारा की कुठल्या जागेचं उत्तर उपयोगी पडलं. जी जागा दोन तीन जणांच्या बाबतीत उपयोगी पडली नाही ती काढून टाका किंवा तिचे शब्द बदला.